पेशी अठरा हजार? आधी स्लाईड बघा

पोळा झाला की खान्देशातल्या लॅबच्या काउंटरवर एकच प्रश्न सुरू होतो, तो दिवाळीपर्यंत थांबत नाही: "भाऊ, पेशी कितल्या शेतस?" हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी किती, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. डेंग्यूच्या दिवसांत अख्ख्या घराचा जीव प्लेटलेट्सच्या आकड्यात अडकलेला असतो. सकाळी ४२ हजार, संध्याकाळी ३६ हजार. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवरून सुरतच्या मामांपर्यंत पोहोचतो आणि पेशंटला धुळ्याला हलवायचं की थेट नाशिकला, यावर ओट्यावर बैठक बसते.

बैठक बसायला हरकत नाही. पण ती ज्या आकड्यावर बसलेली असते तो सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमधला सगळ्यात नाजूक आकडा आहे, हे तिथे कोणीतरी सांगायला हवं. एकाच ट्यूबमधलं रक्त दोनदा यंत्राला दिलं तर हिमोग्लोबिन जवळजवळ तेच येतं. प्लेटलेट्सचं तसं होत नाही, आणि काउंट जितका कमी तितका हा फरक मोठा. शिवाय कित्येकदा यंत्राला रक्त पाजण्याआधीच, हातातून सुई निघेपर्यंतच, आकडा बिघडून गेलेला असतो.

प्लेटलेट ही खरं तर पूर्ण पेशीसुद्धा नाही. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. त्यांचे बारीक तुकडे सुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट्स. आयुष्य सात ते दहा दिवसांचं. लाल पेशीचं घनफळ ८० ते १०० फेम्टोलिटर (पेशींसाठीचं अतिसूक्ष्म माप) असतं, प्लेटलेटचं सरासरी ७ ते ११. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात आणि तेवढ्याच रक्तात लाल पेशी असतात ४५ ते ५० लाख. म्हणजे एका प्लेटलेटमागे पंधरा-वीस लाल पेशी. हे प्रमाण ध्यानात ठेवा, पुढची बरीचशी भानगड त्यातूनच निघते. दुसरी गोष्ट त्यांच्या स्वभावाची. कुठे जखम दिसली की एकमेकींना चिकटून भोक बुजवणं हे त्यांचं काम. रक्त काढायला सुई टोचली, तर प्लेटलेट्सच्या लेखी तीही जखमच.

आता यंत्र कसं मोजतं ते बघू. अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली एका युक्तीचं पेटंट मिळालं आणि तालुक्याच्या गावातलं साधं सेल काउंटर आजही त्याच युक्तीवर चालतं. रक्त मिठाच्या पाण्यासारख्या द्रावात शेकडो-हजारो पट पातळ करायचं आणि एका अतिसूक्ष्म भोकातून ओढायचं. भोकाच्या आरपार विजेचा बारीक प्रवाह चालू असतो. पेशी भोकातून गेली की प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो आणि एक झटका नोंदला जातो. पेशी मोठी तर झटका मोठा, लहान तर लहान. साधारण २ ते २० किंवा ३० फेम्टोलिटरच्या मापात बसणारे झटके प्लेटलेट्सच्या खात्यात आणि त्याहून मोठे लाल पेशींच्या खात्यात जमा होतात.

म्हणजे या यंत्राला रंग दिसत नाही, आतलं काही दिसत नाही, कळतं फक्त माप. दादर ज्वारी चाळताना बारीक चाळणीतून माती पडते, कचरा पडतो आणि फुटलेल्या दाण्यांच्या कण्याही पडतात, तसंच हे. मापात बसलं ते प्लेटलेट म्हणून मोजलं गेलं. आणि एखादी प्लेटलेट मापापेक्षा मोठी निघाली, तर ती वर दाण्यांमध्येच राहिली.

कण्यांचं आधी बोलू, कारण ती चूक कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, एका बाईच्या एका मायक्रोलिटर रक्तात ४५ लाख लाल पेशी आहेत आणि त्यांपैकी शंभरातली एक इतकी लहान किंवा फुटकी आहे की ती प्लेटलेटच्या मापात बसते. शंभरात एक म्हणजे ४५ हजार. तिच्या खऱ्या प्लेटलेट्स ३० हजार असतील तर यंत्र ७५ हजारांपर्यंत दाखवू शकतं. घरचे म्हणणार, चला, पाऊण लाख आहेत, काळजी नाही.

लाल पेशी लहान होण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे लोहाची कमतरता. बायका आणि वयात येणाऱ्या मुलींमध्ये ती किती आढळते हे वेगळं सांगायला नको. थॅलेसेमियाच्या वाहकांमध्येही लाल पेशी लहानच असतात. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, आणि सातपुड्याला लागून असलेल्या चोपडा-यावलच्या पाड्यांवर सिकलसेल आहे, त्यात लाल पेशी वाकड्या होऊन तुटतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासण्या वाढल्या आहेत आणि कोणाला हा आजार आहे हे बऱ्याच घरांना माहीत झालं आहे. अशा पेशंटला डेंग्यू झाला तर मुळातच जोखीम जास्त. त्याच्या प्लेटलेट्सचा यंत्रातला आकडा स्लाईड, म्हणजे काचपट्टीवर ओढलेला रक्ताचा पातळ थर, मायक्रोस्कोपखाली न बघता रिपोर्टवर छापणं हा माझ्या मते निव्वळ निष्काळजीपणा आहे.

खोटा कमी आकडा घाबरवतो, धावपळ करायला लावतो, पैसे खर्च करायला लावतो, पण त्या नादात निदान कोणीतरी पुन्हा तपासतं. खोटा जास्त आकडा कोणी पुन्हा तपासत नाही. म्हणून मला दुसऱ्याची भीती अधिक वाटते.

तरीही रोजच्या कामात जास्त भेटतो तो खोटा कमी आकडाच. त्याची कारणं मुख्यतः दोन. एक म्हणजे मोठ्या प्लेटलेट्स. मज्जा घाईघाईने नव्या प्लेटलेट्स सोडते तेव्हा त्या आकाराने मोठ्या असतात. डेंग्यूतून सावरताना हेच होतं. काही मोठ्या प्लेटलेट्स लाल पेशींच्या खात्यात जमा होतात आणि काउंट वाढायला लागलेला असूनही यंत्र ते उशिरा कबूल करतं. काही घराण्यांत जन्मतःच प्लेटलेट्स मोठ्या आणि संख्येने कमी असतात. त्यांना त्रास काहीच नसतो, पण प्रत्येक रिपोर्टला घाबरवलं मात्र जातं.

दुसरं कारण म्हणजे गठ्ठे. दहा-वीस प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की भोकातून जाताना त्यांचा एकच मोठा झटका नोंदला जातो. वीस प्लेटलेट्स हिशेबातून गेल्या आणि कधी कधी तो गठ्ठा पांढरी पेशी म्हणून मोजला गेला. प्लेटलेट्स अचानक खूप कमी आणि पांढऱ्या पेशी उगाच जास्त, असा जोड दिसला की अनुभवी टेक्निशियनची भुवई वर जाते.

गठ्ठे बहुतेक वेळा आपणच तयार करतो. रक्त काढताना काय होतं ते जवळून बघा. दंडाला पट्टा बांधला, शिर सापडेना, पट्टा दोन-तीन मिनिटं तसाच. पोरगं रडतंय, आई हात धरून बसली आहे, सुई आत जाऊन इकडेतिकडे फिरते आहे. थेंब थेंब रक्त सिरिंजमध्ये येतं आहे. प्रत्येक सेकंदाला प्लेटलेट्स जाग्या होत आहेत. शेवटी कसंबसं दीड मिली रक्त मिळालं, ते जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये जोरात दाबून सोडलं, ट्यूब स्टँडला लावली आणि पुढच्या पेशंटकडे वळलं. ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, तळाशी आणि भिंतीला, रक्त वर. ते एकजीव होईपर्यंत बारीक गुठळ्या झालेल्या असतात.

करायचं असतं ते सोपं आहे. पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. शिर चुकली तर सुई आत फिरवत बसायचं नाही, नवी सुई घेऊन दुसरी जागा बघायची. रक्त ट्यूबवरच्या खुणेपर्यंतच भरायचं, कमीही नाही आणि ठेचून जास्तही नाही. आणि बूच लावल्या लावल्या ट्यूब आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची. जोरात हलवायची नाही, हलवलं तर लाल पेशी फुटतात. तान्ह्या बाळाचं बोटातून रक्त घ्यावं लागलं तर पहिला थेंब पुसून टाकायचा आणि बोट पिळत बसायचं नाही. यंत्राला लावण्याआधी ट्यूबमध्ये लाकडी काडी फिरवून बघितली की गुठळी असेल तर काडीला लागते. गुठळी लागली की ते सॅम्पल बाद. पेशंटला पुन्हा टोचायचं म्हटलं की नातेवाईक चिडतात, हे खरं आहे. तरीही बादच.

एवढं सगळं नीट करूनही काही जणांच्या रक्तात गठ्ठे होतातच. दोष त्यांचा नसतो आणि टोचणाऱ्याचाही नसतो, तो ईडीटीएचा असतो. हे रसायन रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण कॅल्शियम निघून गेल्यावर प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही लोकांच्या रक्तात नेमकी त्या भागाला चिकटणारी प्रतिपिंडं असतात आणि ती प्लेटलेट्सना एकमेकींना बांधतात. शरीरात ईडीटीए नसतं, त्यामुळे शरीरात काहीच होत नाही. गठ्ठे फक्त ट्यूबमध्ये होतात, आणि रक्त जसजसं थंड होतं, जसजसा वेळ जातो तसतसे वाढतात. साधारण हजारात एका माणसाला हे असतं. म्हणजे जळगावसारख्या शहरात अशी माणसं शेकड्यांनी निघतील.

अशा माणसाचं काय होतं? हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं, प्लेटलेट्स ४८ हजार. अंगावर एक निळा डाग नाही, दात घासताना कधी रक्त नाही, शेतात कोयत्याने बोट कापलं होतं ते दोन मिनिटांत थांबलं होतं. पण कागद म्हणतो ४८ हजार. ऑपरेशन पुढे ढकललं जातं, मोठ्या गावी पाठवलं जातं, मज्जेतलं पाणी काढायची भाषा सुरू होते. स्लाईडच्या शेपटीकडच्या टोकाला मायक्रोस्कोप नेला असता तर प्लेटलेट्सचे पुंजकेच्या पुंजके दिसले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

उपाय असा, की रक्त निळ्या बुचाच्या, सोडियम सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा घ्यायचं आणि लगेच मोजायचं. त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्राव आधीच असतो, त्यामुळे आलेला आकडा १.१ ने गुणायचा. यंत्राने १ लाख ६० हजार दाखवले तर खरे १ लाख ७६ हजार. हा गुणाकार करायला विसरणं ही नेहमीची चूक. काहींच्या रक्तात सायट्रेटमध्येही गठ्ठे होतात, तेव्हा सॅम्पल ३७ अंशांवर कोमट ठेवून ताबडतोब मोजायचं, नाहीतर बोटाच्या थेंबाची थेट स्लाईड करून अंदाज घ्यायचा.

स्लाईडचा हा अंदाज म्हणजे नेमकं काय? काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढून पातळ थर करायचा, वाळवायचा, लेशमन रंगाने रंगवायचा. मग शंभरच्या भिंगाखाली, तेलाचा थेंब टाकून, जिथे लाल पेशी एकमेकींवर चढलेल्या नाहीत असा भाग शोधायचा. तिथे लाल पेशी गुलाबी तबकड्यांसारख्या दिसतात आणि मधेमधे जांभळट, बारीक दाणेदार ठिपके, त्या प्लेटलेट्स. दहा फील्डमध्ये, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या दहा वर्तुळांत, त्या मोजायच्या आणि सरासरी १५ हजारांनी गुणायची. काही लॅब २० हजारांनी गुणतात, ते भिंगाच्या दृश्याच्या व्याप्तीवर ठरतं. सरासरी तेरा आली तर १ लाख ९५ हजारांच्या आसपास. हा अंदाजच आहे, त्याला तराजूचं माप समजू नये. पण यंत्र १८ हजार म्हणतंय आणि स्लाईडवर प्रत्येक फील्डला दहा-बारा प्लेटलेट्स बसल्या आहेत, तर कोण चुकतंय हे पाच मिनिटांत कळतं. फुटक्या लाल पेशी, वाकडे सिकल, लाल पेशीएवढी थोराड प्लेटलेट, सगळं इथेच दिसतं.

हाताने मोजायची आणखी एक जुनी पद्धत आहे, ती मला आवडते कारण तिच्यात हिशेब उघडा असतो. रक्त एक टक्का अमोनियम ऑक्झलेटमध्ये वीसपट पातळ करायचं. लाल पेशी विरघळतात, प्लेटलेट्स राहतात. हे न्यूबाउर चेंबर नावाच्या आखीव काचेवर भरायचं आणि ओल्या कापसासोबत झाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, म्हणजे प्लेटलेट्स तळाशी बसतात. मधला मोठा चौकोन एक मिलिमीटर लांब, एक रुंद आणि ०.१ मिलिमीटर खोल. त्यात जितक्या दिसतील त्यांना २०० ने गुणायचं. शंभर दिसल्या तर २० हजार.

आता गंमत बघा. सगळं अगदी बिनचूक केलं तरी त्याच रक्ताने चेंबर पुन्हा भरला की शंभर दिसतील असं नाही, कारण कुठली प्लेटलेट कुठल्या चौकोनात पडेल हे नशिबावर आहे. शंभर मोजल्या तर वीस-एक इकडेतिकडे होणं हा गणिताचाच नियम आहे. म्हणजे २० हजारांचे १६ हजारही येऊ शकतात आणि २४ हजारही. यंत्र कितीतरी जास्त कण मोजतं म्हणून त्याचा फरक कमी, पण इतक्या खालच्या काउंटला तोही हलतो. शिवाय धूळ आणि हवेचे बुडबुडेही मापात बसले की मोजले जातात. दीड लाखात हजार-दोन हजार धूळ कोणाला दिसत नाही, १२ हजारांत ती दिसते. म्हणून सकाळी यंत्र सुरू केल्यावर आधी नुसता द्राव चालवून आकडा शून्याजवळ येतो का ते बघतात. काही यंत्रं काउंट फार कमी आला की आपोआप जास्त वेळ मोजतात. सकाळी २२ हजार आणि संध्याकाळी १९ हजार आले, तर प्लेटलेट्स "उतरल्या" असं म्हणायला तेवढ्यावर आधार नाही. त्यात सकाळची लॅब वेगळी आणि संध्याकाळची वेगळी असेल तर तुलनाच करू नये.

मोठ्या शहरांतल्या यंत्रांनी मापाच्या पुढे मजल मारली आहे. काही यंत्रं पेशीवर लेसर टाकून प्रकाश कसा विखुरतो ते बघतात. काही प्लेटलेटच्या आत शिरून चमकणारा रंग वापरतात, म्हणजे लाल पेशीचा तुकडा कितीही लहान असला तरी तो चमकत नाही आणि मोजला जात नाही. सगळ्यांत काटेकोर पद्धत २००१ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरली. तिच्यात सीडी४१ आणि सीडी६१ या प्लेटलेटवरच्याच खुणांना चमकणारी प्रतिपिंडं चिकटवतात आणि दर प्लेटलेटमागे लाल पेशी किती, हे गुणोत्तर काढून काउंट ठरवतात. महाग आहे, रोजच्या कामाला नाही. पण बाकी यंत्रं बरोबर चालतात की नाही हे तिच्याशी ताडून बघता येतं. यंत्रं सुधारत राहतील. गठ्ठा झालेलं रक्त मात्र कुठल्याही यंत्राला दिलं तरी खात्रीचा आकडा मिळणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण प्रवासाची. सॅम्पल पारोळ्याला किंवा शिरपूरला घेतलं जातं आणि मोजलं जातं जळगावला किंवा धुळ्याला. मधे मोटरसायकलची डिकी, एसटीची वाट आणि भुसावळकडचं ऊन असेल तर विचारायलाच नको. ईडीटीएमधल्या प्लेटलेट्स वेळ जाईल तशा फुगतात. साध्या खोलीच्या तापमानात काही तास काउंट टिकतो, पण बंद गाडीत तापलेल्या रक्तातल्या लाल पेशी तुटायला लागल्या की पुन्हा त्याच कण्या. बर्फाला चिकटवून पाठवणं हाही उपाय नाही, थंडीने प्लेटलेट्स आकार बदलतात. कलेक्शन सेंटरवर रक्त काढल्याबरोबर दोन स्लाईड ओढून, वाळवून, नाव घालून ट्यूबसोबत पाठवाव्यात. काचेच्या दोन पट्ट्यांचा खर्च तो किती?

आणि आकडा खरा निघाला तरी डेंग्यूत तो एकटा फारसं सांगत नाही. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात काउंट उतरतो, पुढे आपोआप चढतो. शहाद्याकडे पपईला तोटा नाही, पण पानांचा रस आणि चढता काउंट यांची सांगड घालताना हे वेळापत्रक विसरू नये. डॉक्टरांची खरी नजर हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती यावर, असते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागलं की रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट नेहमीपेक्षा वीस टक्क्यांनी वाढला, पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली, तर प्लेटलेट्स ८० हजार असल्या तरी धोका आहे. उलट रक्तस्राव नसलेल्या पेशंटला नुसता आकडा बघून प्लेटलेट्स चढवल्याने फायदा होत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. रक्तपेढीपुढे रात्री बारा वाजता उभं राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं: रक्तस्राव आहे का, आणि हा आकडा स्लाईडवर बघितला आहे का?

लॅबला विचारायलाही संकोच करू नये. आकड्याशेजारी यंत्राने चांदणी किंवा इशारा छापला आहे का, रिपोर्टवर स्लाईडबद्दल एक ओळ आहे का, पुन्हा तपासायचं तर त्याच लॅबमध्ये आणि ताज्या सॅम्पलवर होईल का. चांगली लॅब या प्रश्नांनी चिडत नाही. आणि ज्यांच्या रक्तात ईडीटीएने गठ्ठे होतात असं एकदा ठरलं आहे, त्यांनी रिपोर्टच्या फाईलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने तसं लिहून ठेवावं, आधार कार्डासोबत एक चिठ्ठीही ठेवावी: "प्लेटलेट्स सायट्रेट ट्यूबमध्येच मोजा." अपघातात बेशुद्ध अवस्थेत कोणी दवाखान्यात नेलं, तर तिथल्या माणसाला हे दुसरं कोण सांगणार?